चर्चमधील रंगीत खिडक्यांचें छायाचित्रण

जुन्या घरांच्या दारावर किंवा खिडकीवर अर्धवर्तुळाकार कमान असते आणि तींत लाल, निळ्या, पिंवळ्या, हिरव्या कांचा बसविलेल्या असतात. बारामती-इंदापुराकडे काय किंवा पुण्या-साताऱ्याकडे काय, अशी एखादी कमान ज्यानें लहानपणीं पाहिली नाहीं असा गृहस्थ विरळा. दुपारीं ऊन कलतें झालें कीं त्या कांचांचे रंग शहाबादी फरशीवर उतरतात आणि घरांतलें मूल त्यांत आपला हात धरून तो निळा झाला, लाल झाला म्हणून हरखून जातें. तेंच मूल अंगणांत जाऊन त्या कमानीकडे बाहेरून पाहूं लागलें तर मात्र त्याची निराशा होते. बाहेरून ती कमान काळसर, धुळकट आणि मुकी दिसते. रंगीत कांचेच्या साऱ्या कलेचें मर्म एवढ्यांत आलें. इतर चित्रें त्यांवर पडलेल्या उजेडानें दिसतात. कांचेचें चित्र तिच्यामधून पार आलेल्या उजेडानें दिसतें.

युरोपांतील कॅथॉलिक चर्चांनीं या साध्या गोष्टीला थोर कलेचें रूप दिलें. फ्रान्सांतील शार्त्र येथील कॅथीड्रलमध्यें अशा सुमारें १७६ खिडक्या असून त्यांतील बहुतेक कांच बाराव्या-तेराव्या शतकांतील आहे. पॅरिसचें सेंत-शापेल हें राजा नववा लुई यानें बांधविलेलें छोटेखानी प्रार्थनामंदिर १२४८ सालीं अर्पण झालें. त्याच्या वरच्या मजल्याला भिंती अशा जवळजवळ नाहींतच. दगडाच्या सडपातळ खांबांमध्यें पंधरा उंच खिडक्या उभ्या आहेत आणि त्यांत बायबलांतील १,११३ प्रसंग रंगविलेले आहेत. त्या काळीं सामान्य माणसाला वाचतां येत नसे, म्हणून हीं चित्रें हेंच त्याचें पुस्तक, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. हें विधान थोडें जपूनच घ्यावें हें बरें. त्यांतले कित्येक प्रसंग इतक्या उंचावर आहेत कीं दुर्बीण लावल्याखेरीज ते ओळखूं येत नाहींत. पुस्तक असेल, पण तें फळीच्या सर्वांत वरच्या खणांत ठेवलेलें पुस्तक आहे. छायाचित्रानें प्रथमच तें वाचकाच्या हातांत आणून दिलें, आणि या उद्योगाचें पहिलें महत्त्व तेथेंच आहे.

आपल्या बाजूला कॅथॉलिक चर्चांची परंपरा मोठी असली तरी तिच्यांत रंगीत कांच उशिरां आली. गोव्याची जुनीं चर्चें पाहावींत. पोर्तुगीज काळांतील त्या इमारतींच्या खिडक्यांत कांचेऐवजीं शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत. चपट्या जातीच्या शिंपल्याचे चौकोन कापून ते लांकडी पट्ट्यांच्या खोबणींत सरकवीत आणि त्यांतून दुधासारखा मऊ उजेड आंत येई. कांच समुद्रापलीकडून आणावी लागे, शिंपले खाडींत मिळत. शिवाय कोंकणपट्टीच्या रणरणत्या उन्हाला असा पडदा कांचेपेक्षां अधिक मानवणारा होता. छायाचित्रकाराला शिंपल्याची खिडकी फारसा त्रास देत नाहीं, कारण ती उजेड आपणच गाळून सारखा करून देते. खरी परीक्षा रंगीत कांचेपाशीं होते, आणि त्यासाठीं मुंबई गांठावी लागते.

मुंबईंत कुलाब्याला होली नेम कॅथीड्रल आहे. दोन मनोऱ्यांची ही गॉथिक धर्तीची इमारत डब्ल्यू. ए. चेंबर्स या वास्तुकारानें आंखली आणि ती १९०५ सालीं पुरी झाली. रंगीत कांचांबरोबर तिची खरी कीर्ति आहे ती भित्तिचित्रांसाठीं. हीं चित्रें अंतोनिओ मोस्केनी या इटालियन जेझुइट बंधूंनीं काढलीं. मंगळूरच्या सेंट अलोयशियस चॅपेलचें चित्रकामही त्यांचेंच. तेथून दक्षिणेस गेलें कीं अफगाण चर्च लागतें. तें अँग्लिकन पंथाचें आहे, कॅथॉलिक नव्हे. पहिल्या अफगाण युद्धांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ तें बांधलें आणि १८५८ च्या जानेवारींत त्याचें अर्पण झालें. त्याच्या पूर्व-पश्चिम टोकांच्या रंगीत खिडक्या इंग्लंडांतील न्यूकॅसलचे नामांकित कारागीर विल्यम वेल्स यांच्या आहेत. एकाच दिवशीं पायीं फिरून या दोन्ही इमारती पाहून होतात. बारामतीचा मनुष्य दौंडला गाडी बदलून मुंबईला पोंचला कीं त्याला एवढा अभ्यास एका फेरींत साधतो.

आतां बारामती-इंदापूरचें नांव येथें केवळ प्रवासाच्या सोयीसाठीं घेतलें आहे असें कोणी समजूं नये. भीमेवरचें उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यांत भिगवणपर्यंत पसरला. हिवाळ्यांत त्या उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पहांटेपासून होड्यांतून कॅमेरेवाले फिरत असतात, आणि त्या बाजूच्या कितीतरी हौशी छायाचित्रकारांचा हात या पाण्यावरच तयार होतो. पाणी चकाकत असतें, आकाश पांढरें असतें आणि पक्षी त्या चकाकीसमोर उभा असतो. असला कठीण विषय ज्याला साधला त्याला चर्चची खिडकी काय अवघड, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु असा वाकबगार मनुष्य कुलाब्याहून परत येतो तेव्हां त्याच्या चित्रांत खांब, बांकें, भिंती सर्व उत्तम आलेलें असतें आणि खिडकीच्या जागीं मात्र पांढरें फटफटीत भोंक दिसतें. ज्या वस्तूसाठीं तो गेला, नेमकी तीच चित्रांत नसते.

असें कां व्हावें? कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक हा भाबडा कारकून आहे. समोर काय आहे तें त्याला समजत नाहीं. समोरच्या साऱ्या उजेड-अंधाराची सरासरी काढून ती मध्यम करड्या रंगाइतकी यावी, एवढेंच त्याला शिकविलेलें असतें. हल्लींचे मापक पुष्कळ शहाणे झाले आहेत. तरी मूळ स्वभाव सुटलेला नाहीं. भिगवणला चौकटीचा बहुतेक भाग चकाकत्या पाण्यानें व्यापलेला असतो. त्यामुळें कारकून घाबरून उजेड कमी करतो आणि पक्षी काळा येतो. म्हणून तेथला अनुभवी छायाचित्रकार मापकाच्या सांगण्यापेक्षां एक किंवा दीड स्टॉप उजेड मुद्दाम जास्त देतो. स्टॉप म्हणजे उजेडाची एक पायरी. एक पायरी चढलें कीं उजेड दुप्पट होतो, उतरलें कीं निम्मा. ही संवय पाण्यावर सोन्यासारखी आहे, पण चर्चमध्यें तीच घात करते. तेथें चौकटीचा बहुतेक भाग अंधाऱ्या भिंतीनें व्यापलेला असतो. कारकून त्या अंधाराची कींव येऊन आधींच भरपूर उजेड देऊन बसलेला असतो. त्यावर छायाचित्रकारानें संवयीनें आणखी दीड स्टॉप दिला कीं कांचेंतले सारे रंग धुऊन निघतात. पाण्यावर जें वाढवायचें तें चर्चमध्यें उतरवायचें असतें.

आपल्या डोळ्यांना हा घोटाळा कधींच जाणवत नाहीं, कारण डोळा एका जागीं स्थिर राहात नाहीं. खिडकीकडे पाहतांना बाहुली लहान होते, खांबाकडे वळतांच मोठी होते, आणि मेंदू हे सगळे तुकडे जोडून आपल्याला एक सलग चर्च दाखवितो. कॅमेऱ्याला एका क्षणीं एकच निवड करतां येते. म्हणून पहिला निर्णय आपणच करावा लागतो: खिडकी हवी कीं खिडकी असलेलें चर्च हवें? खिडकी हवी असेल तर भिंत काळी पडूं द्यावी. त्यांत कांहींएक बिघडत नाहीं. अंधाऱ्या दगडांत पेटलेली खिडकी हेंच त्या कारागिराच्या मनांतलें चित्र होतें.

उजेड मापतांना भिंतीला चौकटीबाहेर ठेवून केवळ कांचेवरून तो मापावा. बहुतेक कॅमेऱ्यांत ठिपक्याएवढ्या जागेचा उजेड मापण्याची सोय असते. ती मध्यम रंगाच्या कांचेवर धरावी. पांढऱ्या कांचेवर नको आणि गडद निळीवरही नको. आभाळ ढगाळ असेल, फिल्मचा किंवा कॅमेऱ्याचा वेग १०० असेल आणि भिंगाचें छिद्र एफ-८ वर ठेवलें असेल, तर एका सेकंदाच्या तिसाव्या भागापासून आठव्या भागापर्यंत कोठेंतरी बहुतेक खिडक्या सांपडतात. त्याच वेळीं आंतल्या भिंतीला दोन ते चार सेकंद लागूं शकतात. म्हणजे दोहोंत साठ-सत्तर पटींचें अंतर सहज पडतें. हे आंकडे आरंभ म्हणूनच घ्यावे, कारण प्रत्येक कांच निराळी असते. संशय आला तर एकाच जागेवरून तीन-चार चित्रें एकेक स्टॉप कमी करीत घ्यावीं. आजच्या अंकीय कॅमेऱ्यांत काळें पडलेलें पुष्कळ अंशीं परत उजळतां येतें, पण पांढरें झालेलें परत येत नाहीं. तेथें रंगाची नोंदच झालेली नसते. म्हणून चूक व्हायचीच असेल तर ती काळोखाच्या बाजूला व्हावी. मोबाइलवर चित्र घेणाऱ्यानेंही हेंच करावें. पडद्यावर खिडकीच्या जागीं बोट टेकवावें, आणि मग उजेड कमी करण्याची जी सरकपट्टी दिसते ती कांचेचे रंग भरेपर्यंत खालीं ओढावी. फ्लॅश मात्र बंद असलाच पाहिजे. आंतून मारलेला फ्लॅश म्हणजे अंगणांतून कमान पाहण्याचाच प्रकार; त्यानें शिसें दिसतें, धूळ दिसते आणि रंग मरतात.

होली नेमसारख्या ठिकाणीं भिंतीवरचें चित्र आणि कांच दोन्ही एकाच चौकटींत घेण्याचा मोह होतो. भित्तिचित्र त्यावर पडलेल्या उजेडानें दिसतें आणि कांच पार आलेल्या उजेडानें, तेव्हां दोहोंची एका मापांत गांठ पडत नाहीं. कॅमेरा न हालवितां एक चित्र कांचेसाठीं व एक भिंतीसाठीं घेऊन नंतर तीं जोडण्याची युक्ति आतां सर्रास वापरतात. ती वापरण्यास हरकत नाहीं. पण पुष्कळ जण जोडतांना भिंत खिडकीइतकीच उजळ करून टाकतात आणि चर्चचा फोटो-स्टुडिओ होतो. भिंत दिसावी, परंतु ती अंधारांत आहे हेंही दिसावें.

येथवर माप झालें. पण ज्याला कांच कशी बनते हें माहीत नाहीं त्याला चित्रांत काय जपावयाचें हें कळत नाहीं, म्हणून थोडें त्या कारागिरीकडे वळूं. रंगीत खिडकीवर रंग फांसलेला असतो अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः रंग बहुतांशीं कांचेच्या अंगांतच असतो. कांच वितळलेली असतांना तींत धातूंचीं भस्में मिसळतात. कोबाल्टनें निळा, मँगनीजनें जांभळा, लोखंडानें हिरवट, तांब्यानें हिरवा किंवा भट्टीच्या करामतीनें लाल असे रंग येतात. तांब्याचा लाल इतका गडद असतो कीं सबंध कांच त्याचीच केली तर ती जवळजवळ काळी दिसेल. म्हणून साध्या कांचेवर लालाचा अगदीं पातळ थर चढवितात. मग चित्राच्या नमुन्याबरहुकूम तुकडे कापतात. चेहऱ्याचे नाक-डोळे, बोटें, वस्त्राच्या चुण्या हें सर्व लोखंडाच्या भस्माच्या तपकिरी-काळ्या रंगानें काढून भट्टींत भाजतात, म्हणजे तो रंग कांचेला कायमचा धरतो. चौदाव्या शतकाच्या आरंभीं चांदीच्या क्षाराची युक्ति सांपडली. तो कांचेच्या पाठीला लावून भाजला कीं फिकट लिंबापासून नारिंगीपर्यंत पिंवळा रंग उमटतो. त्यामुळें एकाच तुकड्यावर पांढरा चेहरा आणि सोनेरी केंस काढतां येऊं लागले. शेवटीं हे तुकडे शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत बसवून सांधे डाखाचे करतात आणि सारी खिडकी आडव्या लोखंडी गजांना बांधतात.

यावरून छायाचित्रकारानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. शिशाच्या काळ्या रेषा ह्या चित्राचाच भाग आहेत. त्या करड्या, धूसर आल्या तर उजेड जास्त झाला असें समजावें. आणि चेहऱ्यावरचें बारीक रेखाकाम हें सर्वांत आधीं बुडणारें आहे, तेव्हां चित्र बरोबर आलें कीं नाहीं हें पाहावयाचें तर वस्त्राचा झगझगीत लाल रंग पाहूं नये, संताच्या पापण्या पाहाव्या. जाता जातां एक जुनी चूकही दुरुस्त करण्यासारखी आहे. जुन्या खिडक्यांच्या कांचा खालच्या बाजूस जाड आढळतात, यावरून कांच शतकानुशतकें मेणासारखी खालीं ओघळते असें शाळेंत शिकविलें जात असे. कांच अशी ओघळत नाहीं. ती फुंकून केलेली असल्यानें मूळचीच कमीजास्त जाड असे. ज्या लाटा, बुडबुडे, ओरखडे छायाचित्रांत दोषासारखे दिसतात तेच हातकामाची खूण होत. ते पुसूं नयेत.

आतां आभाळाविषयीं. नवशिक्याला वाटतें कीं खिडकीवर थेट ऊन पडलेलें असलें म्हणजे चित्र उत्तम. डोळ्यांना तें खरेंच रम्य दिसतें, आणि जमिनीवर उतरलेल्या रंगांचें चित्र काढावयाचें असेल तर तीच वेळ साधावी. पण खिडकीसाठीं थेट ऊन वाईट. सूर्य ज्या तुकड्यामागें असतो तो जळून जातो, बाहेरच्या झाडाची सांवली आडवी पडते, आणि दगडफेक व पांखरें यांपासून बचावासाठीं बाहेरून लावलेल्या तारेच्या जाळीचे चौकोन सबंध चित्रभर उमटतात. पातळ, सारख्या पांढऱ्या ढगांचा दिवस सर्वांत चांगला. तेव्हां सारें आकाशच एका मोठ्या दुधी कांचेसारखें खिडकीमागें उभें असतें. त्या दृष्टीनें मुंबईचा पावसाळा, पाऊस थांबलेला असेल तेव्हां, छायाचित्रकाराचा मित्र आहे. वैशाखांतलें स्वच्छ निळें आकाश फिकट कांचांना निळसर झांक देतें आणि मागें झाड असेल तर खालचा भाग हिरवा होतो. उत्तरेकडच्या खिडकीला आपल्याकडे वर्षांतील बहुतेक दिवस थेट ऊन लागत नाहीं, म्हणून दिवसभरांत ती केव्हांही घेतां येते. पूर्वेची सकाळीं व पश्चिमेची संध्याकाळीं टाळावी. विलायतेच्या मंद आभाळासाठीं केलेली कांच आपल्या उन्हांत कधीं कधीं भडक दिसते. तिचा मूळचा सूर ढगाळ दिवशींच ऐकूं येतो.

रंगांच्या बाबतींत कॅमेऱ्याची आणखी एक खोड आहे. तो प्रत्येक चित्रांतील पांढरा रंग आपल्या मतानें सुधारूं पाहतो. खिडकी बव्हंशीं निळी असेल तर त्याला वाटतें कीं उजेडच निळा आहे, आणि तो त्यांत पिंवळें मिसळून शार्त्रची निळाई राखाडी करून टाकतो. ही आपोआप दुरुस्ती बंद करून कॅमेरा दिवसाच्या उजेडावर पक्का ठेवावा. कृष्णधवल छायाचित्रांच्या जुन्या काळीं याहून मोठी फसगत होत असे. आरंभींच्या प्लेटा निळ्याला फार आणि लालाला जवळजवळ मुळींच दाद देत नसत. त्यामुळें गडद निळें आकाश पांढरें आणि तेजस्वी लाल झगा काळा ठिक्कर येई. अशा जुन्या प्रतींवरून खिडकीचे रंग ओळखूं जाणारा फसतो, पण रेषांसाठीं त्या प्रती आजही अमोल आहेत.

उभें कोठें राहावें हा प्रश्न राहिला. खिडकी उंच असते आणि मनुष्य खालीं असतो. कॅमेरा वर वळविला कीं उभ्या रेषा वर जातां जातां एकमेकींकडे झुकतात व कमान कोन्यासारखी दिसूं लागते. उपाय साधाच आहे. समोरच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत मागें जावें आणि लांब पल्ल्याचें भिंग लावावें. ऑर्गनसाठीं मागच्या बाजूस सज्जा असतो; तेथें जाण्याची परवानगी मिळाली तर अर्धें काम झालें. कॅमेरा ट्रायपॉडवर असावा, पाणसळीनें सरळ केलेला असावा, आणि खिडकीच्या बरोबर मध्यासमोर असावा. कळ बोटानें न दाबतां घड्याळी सोयीनें सोडावी.

परवानगीचा उल्लेख आलाच आहे. चर्च हें प्रदर्शन नव्हे. तेथील धर्मगुरूंना आधीं भेटावें, कशासाठीं चित्रें हवींत तें सांगावें. मिस्सा चालू असतांना, लग्न किंवा अंत्यविधि असतांना कॅमेरा पिशवींतच राहूं द्यावा. वेदीच्या कठड्याच्या आंत पाऊल टाकूं नये. बांकावर कोणी एकटें बसून प्रार्थना करीत असेल तर त्याला चित्राची शोभा म्हणून वापरूं नये. ट्रायपॉडचे पाय फरशीवर घांसत नेण्याची कांहीं जणांना संवय असते. देवळाच्या गाभाऱ्यांत जें आपण करणार नाहीं तें येथेंही करूं नये, एवढें भान पुरतें.

एवढी यातायात कशासाठीं, असें कोणी विचारील. सुंदर चित्र भिंतीवर लावण्यासाठीं, हें एक उत्तर झालें. दुसरें उत्तर अधिक गंभीर आहे. कांच फुटते. १९१४ च्या सप्टेंबरांत जर्मन तोफांनीं फ्रान्सांतील रेम्सचें कॅथीड्रल जाळलें, तेव्हां तेराव्या शतकांतील पुष्कळ कांच गेली. पुढें तिची दुरुस्ती झाली ती मोठ्या अंशीं सिमों नांवाच्या तेथल्या कांच-कारागीर घराण्यामुळें. त्यांच्या आधींच्या पिढीनें त्या खिडक्यांचीं रेखाटनें करून ठेवलेलीं होतीं. शार्त्रवाल्यांनीं त्यापासून धडा घेऊन १९३९ सालीं, युद्ध सुरू होतांच, खिडक्या तुकड्यातुकड्यांनीं उतरवून सुरक्षित ठेवल्या आणि शांतता झाल्यावर परत बसविल्या. आपल्याकडे १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकीन या दारूगोळ्यानें भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां बारा किलोमीटर अंतरावरच्या खिडक्यांच्या कांचाही फुटल्याचें सांगतात. एवढी मोठी आपत्ति नसली तरी समुद्रकांठची खारी हवा रोजचें काम करीतच असते. लोखंडी गज गंजतो, गंजला कीं फुगतो, आणि फुगतांना लगतच्या कांचेला तडा देतो. शिशाच्या पट्ट्या शंभर-सव्वाशें वर्षांनीं थकतात व खिडकी पोटाशीं फुगूं लागते. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची आणि त्याखालच्या ग्रंथालयाच्या रंगीत कांचांची मोठी दुरुस्ती २०१५ सालीं पुरी झाली. ती इमारत चर्च नसली तरी कारागिरी त्याच घराण्याची. अशा दुरुस्तीच्या वेळीं एखादा तुकडा गहाळ आढळला कीं तेथें पूर्वीं काय होतें हें कोणी सांगावें? रेषांचा अंदाज करतां येतो, पण संताच्या हातांत पुस्तक होतें कीं किल्ली होती हें अंदाजानें ठरत नाहीं. तेथें कोणा हौशी माणसानें सरळ उभें राहून घेतलेलें एखादें नेटकें छायाचित्र उपयोगीं पडतें.

म्हणून शोभेचें चित्र झाल्यावर नोंदीचें चित्रही घ्यावें. त्यांत कलाकुसर नको. सबंध खिडकी चौकटींत बसावी, कडेचा थोडा दगड दिसावा, आणि मग एकेक खण जवळून घ्यावा. एवढ्या वेळीं मात्र आंतून, बाजूनें दिवा टाकून घेतलेलें चित्रही उपयोगी असतें. रंग मेले तरी तडे, सुटलेलें रेखाकाम आणि वांकलेलें शिसें त्यांत दिसतें. युद्धानंतर, १९५२ सालीं युरोपांत कॉर्पस व्हित्रेआरुम या नांवानें जुन्या रंगीत कांचांची पद्धतशीर नोंद करण्याचें काम सुरू झालें. त्यांची क्रमांक देण्याची रीत सोपी आहे: वेदीमागची मधली खिडकी पहिली, मग उत्तरेच्या बाजूस दुसरी, तिसरी, चौथी, आणि तशाच दक्षिणेच्याही. त्या रीतीनें प्रत्येक चित्राला क्रमांक द्यावा. तारीख, घटका आणि आभाळ कसें होतें तें लिहावें. नंतर बाहेरून एक फेरी मारून जाळी कोठें फाटली आहे व कोणत्या खिडकीचा गज गंजून फुगला आहे हें टिपावें, आणि सर्व चित्रांची एक प्रत त्या टिपणासह चर्चच्या कचेरींत नेऊन द्यावी.